सोल्डरिंगचा धूर, हाताला लागलेले शिसे आणि अवजाराची निवड

आपल्या वस्त्यांमधील अनेक मुले-मुली आज इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आहेत. कोणी आयटीआय करून भोसरी, चाकण, सातपूर किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात लागले आहे, कोणी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवते, कोणी अंधेरीच्या सीप्झमध्ये असेंब्लीच्या टेबलावर बसते. कित्येक भगिनी तर घरीच एलईडी दिवे आणि चार्जरच्या बोर्डांचे जॉबवर्क करतात. हे काम बसून करायचे, स्वच्छ दिसणारे. म्हणून गटारात किंवा गिरणीत काम करणाऱ्याच्या तब्येतीची जी काळजी घरचे लोक करतात, ती या मुलांची कोणी करत नाही.

या कामाबद्दल दोन प्रश्न आम्हाला वारंवार विचारले जातात. पहिला, ‘धुरातून शिसे छातीत जाते का?’ आणि दुसरा, ‘काम संपल्यावर गूळ खाल्ला किंवा दूध प्यायले की धूर निघून जातो ना?’ दोन्ही प्रश्नांमागची काळजी खरी आहे, पण दोन्हींत धोक्याची जागा चुकली आहे. शिशाचा धोका आहे, पण तो मुख्यतः हातातून तोंडात जातो. धुराचा धोकाही आहे, पण तो मुख्यतः शिशाचा नसून फ्लक्सचा आहे. आणि दुधाने किंवा गुळाने फुप्फुसातला धूर निघत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. ज्या कारणाने बोर्डावरचा जोड खराब होतो, बहुतेक वेळा त्याच कारणाने धूरही जास्त होतो. म्हणून चांगली सोल्डरिंग आयर्न, योग्य बिट आणि चांगली वायर निवडणे हा कारागिरीचा विषय आहे, तितकाच आरोग्याचाही आहे. या लेखात आम्ही दोन्ही बाजू एकत्र मांडत आहोत.

वायरमध्ये काय असते?

सोल्डरिंग म्हणजे आपल्या जुन्या कारागिरांच्या भाषेत डाख देणे. दोन धातू न वितळवता त्यांच्यामध्ये कमी तापमानाला वितळणारा तिसरा धातू भरायचा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये अनेक वर्षे हा तिसरा धातू म्हणजे कथील आणि शिसे यांचे मिश्रण राहिला आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली वायर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. बाजारात सर्रास मिळणारी ६०/४० ची वायर त्याच्या जवळपासच, १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळते.

वायर आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत फ्लक्स भरलेला असतो. कल्हईवाला भांड्यावर कथील फिरवण्याआधी नवसागर टाकतो, ते आठवा. नवसागर तांब्यावरचा काळपट थर काढतो, म्हणून कथील चिकटते. बोर्डावर तेच काम फ्लक्स करतो. जुन्या पद्धतीच्या फ्लक्सचा मुख्य घटक राळ असतो. ही राळ चीड वृक्षाच्या डिंकापासून मिळते. आपल्या देशात हिमाचल आणि उत्तराखंडच्या जंगलांतून ती येते. आयर्न टेकवल्यावर जो पांढरा धूर वर येतो, तो या राळेचा.

शिसे कुठे जाते मग? शिसे उकळायला सुमारे १७५० अंश तापमान लागते. आपली आयर्न असते ३५० अंशांच्या आसपास. इतक्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य होते. म्हणून हाताने सोल्डरिंग करताना दिसणारा धूर हा शिशाचा धूर नव्हे. मात्र हे वाक्य वाचून निश्चिंत होऊ नका. राळेचा धूर स्वतःच पुरेसा त्रासदायक आहे.

राळेचा धूर छातीत गेल्यावर

वास गोडसर, धुपासारखा येतो. झाडाचा डिंक आहे, नैसर्गिक आहे, मग काय होणार, असे वाटते. पण तापलेल्या राळेतून अतिशय बारीक कण आणि डोळे-घसा चुरचुरवणारे वायू निघतात. काहींना लगेच डोळ्यांतून पाणी येते, शिंका येतात, नाक वाहते. हा झाला पहिला टप्पा.

दुसरा टप्पा गंभीर आहे आणि तो हळू येतो. काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षे धूर घेतल्यावर एखाद्याचे शरीर राळेला ‘ओळखू’ लागते. त्यानंतर अगदी थोडा धूरही दमा उठवतो. याला व्यवसायजन्य दमा म्हणतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने राळेचा धूर हे अशा दम्याच्या मोठ्या कारणांपैकी एक मानले आहे. तिथे या धुराची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. एकदा शरीराने राळ धरली की ते बहुधा मागे फिरत नाही. लवकर ओळखले आणि धूर थांबवला तर माणूस बरा होऊ शकतो. उशीर झाला तर काम सुटल्यावरही दमा राहू शकतो.

ओळखायचे कसे? आम्ही त्याला सुटीची कसोटी म्हणतो. खोकला, छातीत जखडल्यासारखे होणे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणे हा त्रास कामाच्या दिवशी वाढतो का? संध्याकाळी किंवा रात्री जास्त होतो का? आठवड्याच्या सुटीला किंवा गावी गेल्यावर कमी होतो का? या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर ती साधी सर्दी समजून अंगावर काढू नये. रात्रीचा खोकला विशेष लक्षात ठेवावा. दिवसभर घेतलेला धूर काहींना घरी आल्यावर, झोपताना त्रास देतो. त्यामुळे त्याचा संबंध कामाशी आहे हे सुचतच नाही.

शिसे हातातून पोटात

आता शिसे. सोल्डर वायर बोटांनी धरली की बोटांवर करडा अंश लागतो. टेबलावर बारीक गोळ्या आणि तुकडे पडतात. त्याच हाताने चहाचा ग्लास उचलला, वडापाव खाल्ला, मोबाइल धरला, की शिसे सोबत जाते. सर्वांत वाईट म्हणजे तंबाखू. तळहातावर चुना-तंबाखू मळून ओठात धरणे, मिश्री लावणे, बिडी ओढणे म्हणजे बोटांवरचे शिसे स्वतःच्या हाताने तोंडात पोहोचवणे. दोन्ही हात कामात असताना वायर दातांत धरण्याची सवयही काहींना असते. ती आजच सोडावी.

जिथे सोल्डर पॉट वापरतात, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यात बोर्ड बुडवतात, तिथे आणखी एक धोका असतो. भांड्यावर राखेसारखी मळी जमते. ती खरवडताना शिशाच्या ऑक्साइडची बारीक धूळ उडते आणि ती श्वासात जाते. भंगारातले बोर्ड आगीवर तापवून सुटे भाग काढणे तर याहून घातक. तिथे तापमानावर कोणाचाही ताबा नसतो आणि प्लास्टिकचा विषारी धूरही त्यात मिसळतो. हे काम घराच्या आसपास होऊ देऊ नये.

शिसे शरीरात गेले की ते कॅल्शियमची जागा घेते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गर्भारपणात ते हाडांतून रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. लहान मुले गिळलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट अधिक शोषून घेतात आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर होतो. ज्या आईने मुलाला शिकवायचे म्हणून घरी जॉबवर्क धरले, त्याच टेबलावरची धूळ मुलाच्या शिकण्याच्या आड येऊ शकते. म्हणून घरी काम करणाऱ्या भगिनींनी पुढचा भाग काळजीपूर्वक वाचावा.

आयर्न कोणती घ्यावी?

सर्वांत स्वस्त असते २५ वॅटची साधी आयर्न. तिला तापमानाचे नियंत्रण नसते. स्टँडवर रिकामी ठेवली की बिट गरजेपेक्षा जास्त तापते, आणि मोठ्या जोडाला टेकवली की एकदम थंड पडते. मग कारागीर काय करतो? जास्त वेळ दाबून धरतो, पुन्हा वायर लावतो, वरून पेस्ट लावतो. प्रत्येक वेळी नवा धूर. जास्त वॅटची साधी आयर्न घेतली तर उलट होते. बिट इतकी तापते की फ्लक्स काम करण्याआधीच जळून जातो. बिट जितकी गरम, तितका धूर अधिक.

म्हणून रोज दोन-तीन तासांहून जास्त काम असेल तर तापमान नियंत्रित करणारे सोल्डरिंग स्टेशन घ्यावे. त्यात बिट थंड पडू लागली की स्टेशन आपोआप जास्त उष्णता देते, आणि रिकामी असताना जास्त तापू देत नाही. शिशाच्या वायरसाठी ३२० ते ३५० अंश आणि शिसेमुक्त वायरसाठी ३५० ते ३८० अंश साधारण पुरतात. एका साध्या जोडाला दोन-तीन सेकंदच लागायला हवेत. याहून जास्त वेळ लागत असेल तर आधी तापमान वाढवू नका, आधी बिट बघा.

आयर्न तीन पिनांची, अर्थिंग असलेली असावी आणि घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर झटका बसू शकतो, आणि नाजूक आयसीही नकळत मरतो.

बिट : छोटी गोष्ट, मोठा फरक

बरेच जण नाजूक काम म्हणून सुईसारखी टोकदार बिट वापरतात. पण सुईच्या टोकाचा जोडाशी स्पर्श अगदी थोडा असतो, त्यामुळे उष्णता पोहोचत नाही. मग तापमान ४०० च्या वर नेले जाते. नेहमीच्या पायांच्या जोडांसाठी छिन्नीसारखी चपटी बिट चांगली. तिची रुंदी साधारण पॅडच्या रुंदीइतकी असावी. चपटी बिट कमी तापमानाला तेच काम लवकर करते, आणि धूरही कमी.

बिट काळी पडली की सोल्डर तिला चिकटत नाही, उष्णता जात नाही. अशा वेळी पॉलिश पेपर किंवा कानस मारणे ही सर्रास केली जाणारी चूक आहे. स्टेशनची बिट आतून तांब्याची असते आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो घासला गेला की तांबे सोल्डरमध्ये विरघळत जाते आणि बिट काही दिवसांत खड्डे पडून निकामी होते. बिट पितळी तारेच्या जाळीत किंवा ओलसर स्पंजावर पुसावी. काम संपल्यावर टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब ठेवूनच स्टेशन बंद करावे. पंधरा मिनिटे जेवायला जायचे असेल तरी बंद करून जावे.

वायर आणि फ्लक्स

कथील महाग आहे, शिसे स्वस्त. म्हणून फार स्वस्त वायरीत शिसे जास्त असण्याची शक्यता असते. ४० टक्के कथील आणि ६० टक्के शिसे असलेली वायर २३८ अंशांपर्यंत पूर्ण वितळत नाही, मध्येच लापशीसारखी राहते. जोड घट्ट होताना पाय जरा हलला की तडा पडतो. म्हणजे जोडही वाईट, तापमानही जास्त, आणि बोटांना शिसेही जास्त. ज्या रिळावर प्रमाण, जाडी आणि फ्लक्सचा प्रकार छापलेला नाही, ते घेऊ नये. लहान भागांसाठी ०.५ ते ०.८ मिलिमीटर जाडीची वायर पुरते. जाड वायरीने एका वेळी गरजेपेक्षा जास्त धातू आणि जास्त फ्लक्स पडतो.

शिसेमुक्त वायर घ्यावी का? शक्य असेल तर हो, विशेषतः घरात काम होत असेल तर. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. आपल्याकडे ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आहे. त्यामुळे मोठ्या कारखान्यांत आता बहुधा कथील, चांदी आणि तांबे यांची वायर असते. ती २१७ ते २२० अंशांना वितळते. कथील आणि तांब्याची स्वस्त वायर २२७ अंशांना वितळते. पण लक्षात ठेवा, शिसेमुक्त म्हणजे धूरमुक्त नव्हे. तापमान जास्त लागते, फ्लक्स जास्त तीव्र असतो, म्हणून धुराचा त्रास उलट वाढू शकतो. शिसेमुक्त वायर मुलांच्या मेंदूची काळजी घेते, तुमच्या फुप्फुसाची नाही. त्यासाठी धूर ओढण्याची सोय वेगळी करावीच लागते.

राळविरहित फ्लक्सची वायरही मिळते. ज्याला आधीच दम्याचा त्रास आहे त्याने ती मागावी. मात्र तिचा धूरही निरुपद्रवी नसतो. आणि पत्र्याच्या किंवा नळाच्या डाखकामासाठी विकली जाणारी आम्लाची पेस्ट बोर्डावर कधीच वापरू नये. ती ट्रॅक कुरतडते आणि तिचा धूर नाक-घसा भाजतो.

जोड का बिघडतो, धूर का वाढतो

थंड जोड : जोड खडबडीत, दाणेदार, पायाला नीट न चिकटलेला दिसतो. कारण पाय किंवा पॅड पुरेसे तापले नाही. बिट पाय आणि पॅड दोघांना एकाच वेळी टेकवावी, एक सेकंद थांबावे आणि वायर समोरच्या बाजूने जोडाला लावावी. शिसेमुक्त जोड मुळातच थोडा फिका दिसतो. केवळ चमक नाही म्हणून तो पुन्हा तापवत बसू नये.

वायर बिटेवर वितळवून मग जोडाकडे नेणे : ही सवय फार जणांना असते. फ्लक्स बिटेवरच जळून जातो, नाकाशी धूर येतो, आणि जोडाला जो धातू मिळतो त्यात फ्लक्स उरलेलाच नसतो. एका चुकीत दोन्ही नुकसान. ही एक सवय सोडली तरी धूर आणि परत येणारे बोर्ड दोन्ही कमी होतात.

शॉर्ट, म्हणजे शेजारच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल : वायर जाड, बिट घाणेरडी किंवा फ्लक्स संपलेला. पूल काढण्यासाठी वरून आणखी सोल्डर घालू नका. थोडा फ्लक्स लावून स्वच्छ बिट पायांच्या दिशेने ओढा, किंवा तांब्याची जाळीदार पट्टी वापरून जादा सोल्डर शोषून घ्या.

पॅड उखडणे : जास्त तापमान आणि जास्त दाब. बिट दाबल्याने उष्णता लवकर जात नाही. स्पर्श किती रुंद आहे आणि बिट किती स्वच्छ आहे, यावर ते ठरते.

हललेला जोड : घट्ट होताना भाग हलला. दोन सेकंद स्थिर धरायला बोर्डासाठी साधा होल्डर घ्यावा. होल्डर असला की माणूस बोर्डावर वाकत नाही, धुरात तोंड जात नाही आणि मानही दुखत नाही.

काळा जळका फ्लक्स : तापमान जास्त, किंवा एकाच जोडावर तीन-चार वेळा आयर्न. बोर्ड पुसायला आयपीए किंवा थिनर वापरत असाल तर तापलेली आयर्न दूर ठेवा, कारण ते क्षणात पेट घेते. बाटलीचे झाकण लगेच लावावे आणि खिडकी उघडी असावी.

पायांची जादा टोके कापताना ती उडून डोळ्यात जातात. साधा पारदर्शक चष्मा लावावा. भाजले तर भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये.

धूर नाकापर्यंत येऊ न देणे

तापलेला धूर सरळ वर चढतो आणि आपण बोर्डावर वाकलेले असतो, म्हणजे नाक नेमके त्याच्या वाटेत. डोके थोडे मागे आणि बाजूला ठेवणे हा पहिला, फुकटचा उपाय. भिंगाचा दिवा असेल तर वाकावे लागत नाही.

छताचा पंखा धूर खोलीभर फिरवतो. शिवाय पंख्याने जोड थंड पडतो म्हणून अनेक ठिकाणी उन्हाळ्यातही पंखा बंद ठेवतात आणि मग धूर साचतो. पाठीमागून येणारा वाराही कामाचा नाही. शरीरासमोर भोवरा होऊन धूर तोंडाशीच घुटमळतो. वारा बाजूने, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे आणि पुढे खिडकीबाहेर जावा. खिडकीत बाहेर फेकणारा छोटा एक्झॉस्ट पंखा लावून टेबल त्याला लागूनच ठेवले तरी बराच फरक पडतो. मात्र तो धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही हे पाहावे.

टेबलावर ठेवायचा कार्बन फिल्टरचा पंखा जोडापासून वीतभर अंतरात असेल तरच धूर ओढतो. हातभर दूर ठेवला तर तो केवळ आवाज करतो. नुसता काळा कार्बनचा स्पंज वास कमी करतो, पण बारीक कण पुरते अडवत नाही. कण अडवणारा फिल्टर वेगळा असावा लागतो आणि फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. कारखान्यात सर्वांत चांगली सोय म्हणजे प्रत्येक टेबलाशी पाइप आणून धूर छताबाहेर सोडणे.

तुमची सोय काम करते का? आयपीए-थिनर उचलून बाजूला ठेवा आणि जोडाच्या जागी पेटती अगरबत्ती धरा. धूर तोंडाकडे येतो की पंख्याकडे जातो, ते डोळ्यांनी दिसेल.

रुमाल किंवा सर्जिकल मास्क या धुराला पुरत नाही. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर कण अडवतो, पण वायू अडवत नाही. मास्क हा शेवटचा आधार. आधी धूर ओढण्याची सोय.

हात, जेवण आणि घर

कामाच्या टेबलावर चहा, पाणी, जेवण, तंबाखू काहीही नको. उठल्याबरोबर साबणाने हात, नखे आणि तोंड धुवावे. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. कामाचा सदरा किंवा ॲप्रन वेगळा ठेवावा, बाळाला घेण्याआधी तो उतरवावा आणि इतर कपड्यांपासून वेगळा धुवावा. जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सोल्डरचे तुकडे झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावेत. एकाच खोलीचे घर असेल तर कामाचा कोपरा ठरवावा, तो स्वयंपाकापासून आणि मुलांच्या अंथरुणापासून शक्य तितका दूर असावा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी शिशाची वायर आणि सोल्डर पॉटचे काम टाळावे.

दुधाने धूर निघत नाही, हे आम्ही वर म्हटले. पण आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शरीर शिसे जास्त शोषते, हे खरे आहे. नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्ये, आणि खात असाल तर अंडी-मासे नियमित असावेत. उपाशीपोटी काम करू नये. रक्त शुद्ध होते म्हणून कोणतेही भस्म परस्पर घेऊ नये. आयुर्वेदात ‘नाग’ म्हणजे शिसेच.

डॉक्टरांना काय सांगावे

दवाखान्यात गेल्यावर ‘खोकला आहे’ एवढेच सांगून थांबू नका. ‘मी सोल्डरिंग करतो, इतकी वर्षे करतो, सुटीच्या दिवशी बरे वाटते’ हे तीनही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. दम्याचा संशय असेल तर स्पायरोमेट्री होते. पीक फ्लो मीटर नावाच्या साध्या नळीत फुंकून कामाच्या आणि सुटीच्या दिवसांच्या नोंदी दोन-तीन आठवडे ठेवल्या तर कामाशी असलेला संबंध कागदावर दिसतो. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची थुंकी तपासणीही करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

सतत थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आले तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. थोडे शिसे असताना कोणतीच लक्षणे दिसत नाहीत, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

हक्क आणि एकजूट

१९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, वेतनाच्या ठरलेल्या मर्यादेत असणाऱ्याला ईएसआयचे संरक्षण मिळते. शिशाची विषबाधा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, आणि कामामुळे ती झाली तर कायदा तिला कामावरची इजा मानतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचेच होते. म्हणून ईएसआयचे कार्ड मागा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा, आणि धूर ओढण्याची सोय एकट्याने न मागता सर्वांनी मिळून लेखी मागा.

घरी नगावर काम करणाऱ्या भगिनीला मात्र यातले बहुतेक संरक्षण मिळत नाही. तिचा कारखाना म्हणजे तिचे टेबल. तिथे एकजुटीचा दुसरा मार्ग आहे. एका गल्लीत चार-पाच जणी काम करत असतील तर बचत गटातून एक चांगले स्टेशन आणि एक्झॉस्ट पंखा घेऊन एका हवेशीर खोलीत एकत्र बसता येईल. माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे शिसेमुक्त वायर मागताना पाच जणींचा आवाज एकीपेक्षा मोठा असतो. खराब बोर्ड परत येऊन कापले जाणारे पैसे वाचले तर स्टेशनचा खर्च काही महिन्यांत भरून निघू शकतो.

टेबलासमोर चिकटवण्यासाठी

१. बिट चपटी आणि स्वच्छ, तापमान गरजेइतकेच.
२. वायर जोडाला लावायची, बिटेला नाही.
३. डोके मागे, वारा बाजूने, पंखा वीतभर अंतरावर.
४. टेबलावर खाणे-पिणे, तंबाखू नाही. उठलो की साबणाने हात.
५. कामाचे कपडे वेगळे, बाळ जवळ घेण्याआधी बदलायचे.
६. सुटीला बरे वाटते आणि कामावर खोकला येतो, तर त्याच आठवड्यात डॉक्टर.